सरांचा लेप लागू पडतो

सरांची सकाळ दात घासण्याआधीच सुरू होई, आणि घरात कुरबूर व्हायला तेवढं पुरे असे, कारण सरांच्या पत्नी दातांच्या डॉक्टर होत्या. एक डोळा मिटलेला ठेवून, उशीखालून फोन ओढून सर आधी आपला आकडा बघत. साखरेचा आजार असलेला माणूस बघतो तितक्याच गांभीर्याने. फरक एवढाच, की सरांचा आकडा वाढला की आनंद होई.

हा आकडा सायटेशनचा. सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि संशोधन करत. त्यांनी एका लेपावर एक शोधनिबंध लिहिला होता, आणि जगात कुणीही लेपांवर काहीही लिहायला घेतलं की शेवटच्या यादीत सरांच्या निबंधाचं नाव घालायची रीत पडून गेली होती. नाव पडलं की आकडा एकाने वाढे. त्यात आणखी सोय अशी की हा आकडा कधी उतरत नसे. पगाराचं, केसांचं आणि विद्यार्थ्यांच्या हजेरीचं काय व्हायचं ते होवो, सायटेशन आपलं चढतंच.

लेप मोठा गुणी होता. बारीक कणांची एक जाळी आणि त्या जाळीत कोंडून ठेवलेलं तेल, असा तो प्रकार. काचेच्या तुकड्यावर लावला की पाण्याचा थेंब त्यावर टिकत नसे. अळवाच्या पानानेही येऊन दोन दिवस शिकवणी लावावी, असा. निबंधात त्याचे रंगीत फोटो होते. काचेचा तुकडा पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि थेंब साबुदाण्याएवढा. निबंधाच्या शेवटी लिहिलं होतं की हा लेप जहाजं, विमानं, शस्त्रक्रियेची उपकरणं आणि सौरऊर्जा ह्या सर्व क्षेत्रांत क्रांती घडवेल. ते वाक्य सरांनी चहा पिता पिता लिहिलं होतं.

राहत्या इमारतीत मात्र ह्या कीर्तीचा थेंबही पोचला नव्हता. दारावरच्या पाटीवर दोन्ही नावांआधी 'डॉ.' होतं, पण इमारतीच्या लेखी डॉक्टर एकच. सर म्हणजे 'डॉक्टरांचे मिस्टर'. एकदा गाल सुजलेला एक गृहस्थ दारात उभा राहिला आणि "डॉक्टर आहेत का?" म्हणाला. सर म्हणाले, "मी आहे ना." गृहस्थ सुजलेल्या गालातून जमेल तितक्या आदराने म्हणाला, "तसं नाही, खरे डॉक्टर."

असो. तर एके दिवशी विभागप्रमुखांनी सरांना बोलावून घेतलं. सरांची बढती तोंडावर आली होती. विभागप्रमुखांनी खिडकीबाहेर बघत सुरुवात केली, तेव्हाच सरांच्या मनात पाल चुकचुकली.

"आकडा तुमचा छानच आहे," विभागप्रमुख म्हणाले. "आपल्या विभागात एवढा कुणाचाच नाही. पण यंदा फॉर्मात एक नवा रकाना आलाय. 'संशोधनाचा प्रत्यक्ष उपयोग'."

"एवढ्या लोकांनी उल्लेख केलाय की."

"उल्लेख झाला. पण उपयोग कुणी केलाय?"

सर मनातल्या मनात नावं चाळू लागले.

"एक पुरे हो," विभागप्रमुख समजावणीच्या सुरात म्हणाले. "कुणीही, कुठेही लावला असला तरी चालेल. सायकलीला लावला असला तरी चालेल."

सर बाहेर पडले ते जरा घुश्श्यातच. जहाजांना क्रांती पुरवणाऱ्या माणसाला सायकल विचारावी? पण आकड्यावर त्यांचा भरवसा होता. इतक्या जणांनी नाव घेतलंय, त्यातल्या दहाबारांनी तरी लेप करून कशाला तरी फासला असेलच. त्यांनी त्या सगळ्यांना पत्रं धाडली: आपण आमचा लेप कुठे वापरलात, कृपया कळवावे.

उत्तरं आली ती अशी. एकाने कळवलं की आपला निबंध आम्हाला दीपस्तंभासारखा आहे. दीपस्तंभाचं नेमकं केलंत काय, असं विचारल्यावर त्याच्याकडून पुन्हा आवाज आला नाही. दुसऱ्याने सरळ सांगितलं की आम्ही यादी दुसऱ्या एका निबंधातून उचलली, तिच्यात तुम्ही होता. तिसऱ्याने स्वतःचे नऊ निबंध जोडून पाठवले आणि आता तुम्हीही आमचं नाव घाला, म्हणून सुचवलं. लांबच्या कुठल्याशा देशातल्या एका बाईंनी लिहिलं, "आम्ही तुमच्या कृतीने लेप तीनदा केला. तिन्ही वेळा त्याची जेली झाली. चूक आमचीच असणार असं समजून आम्ही निबंधात 'आशादायक' असं लिहिलं." आणि सरांचं नाव सर्वांत जास्त वेळा घेणारा जो कुणी होता, तो त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने एका ओळीत उत्तर दिलं: "सर, तेव्हा मार्क तुमच्या हातात होते."

त्या दिवशी सरांना जेवण गेलं नाही. पत्नीने दोनदा विचारल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"मी आज सकाळी एका बाईंची दाढ भरली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुपारी त्या त्याच दाढेने जेवल्या. माझं नाव कुणी कुठे छापलं नाही. पण पुढच्या आठवड्यात नवऱ्याला घेऊन येणार आहेत."

"दाढेची गोष्ट वेगळी असते."

"असेल. मला आपली दाढच कळते."

एवढ्यात छतातून एक थेंब सरांच्या ताटाशेजारी पडला. सरांचं घर सर्वांत वरच्या मजल्यावर होतं. गच्चीवरची टाकी भरली की सांडे, सांडलेलं पाणी गच्चीत मुरे, आणि मुरलेलं पाणी सरांच्या जेवणाच्या टेबलावर उगवे. छतावर ओलीचा डाग होता, तो दरवर्षी आकार बदलत असे. मुलगी नववीत होती आणि तिला त्यात सध्या उंट दिसत होता. तिने घास थांबवून वर उंटाकडे पाहिलं.

"बाबा, तुमच्या लेपावर पाणी टिकत नाही ना? मग गच्चीवर का लावत नाही?"

सरांनी चमचा खाली ठेवला. इतकी वर्षं संशोधन करताना ही कल्पना आपल्याला का सुचली नाही, ह्याचं त्यांना नवल वाटलं. आणि आजवर कुणालाच का सुचली नव्हती ते लवकरच कळणार होतं.

गच्ची सोसायटीची, म्हणजे परवानगी चेअरमनची. चेअरमन हे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभा जन्म व्यापाऱ्यांची खोटी मापं पकडण्यात गेल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट थोडी कमी भरणार, असं ते धरूनच चालत. त्यांनी बैठक बोलावली. बैठकीला सगळे आले, कारण आपला खर्च नसेल तर लोक हिरिरीने येतात.

"आधी मला सांगा, हे सायटेशन म्हणजे काय?" चेअरमननी विचारलं.

"म्हणजे जगभरचे शास्त्रज्ञ माझं नाव घेतात."

"चांगल्या अर्थाने?"

सर जरा अडखळले. "घेतात एवढं खरं."

"नाव काय, ह्या इमारतीत माझंही रोज घेतात," चेअरमन म्हणाले. "गॅरंटी किती वर्षांची?"

निबंधात 'दीर्घकाळ टिकणारा' असं छापलं होतं. ती चाचणी जेवणाच्या सुट्टीपासून प्रयोगशाळेला कुलूप लागेपर्यंत चालली होती. सर म्हणाले, "पुष्कळ."

मग सल्ल्यांना तोंड फुटलं. तळमजल्यावरच्या काकूंच्या भाच्याने चुन्यात अंड्याचा पांढरा बलक कालवून गच्चीला लावला होता, आणि ती गच्ची अजून ठणठणीत आहे, भाचा मात्र परदेशी गेला. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त ड्रॉइंगमास्तर म्हणाले की पत्रा टाका, पत्र्यासारखं सुख नाही. एकाने इंटरनेटवर परिणाम होईल का, असं विचारलं. कुणीतरी विचारलं की ह्या लेपाने गुडघ्याला आराम पडेल का. लेप म्हटल्यावर ते स्वाभाविकच होतं, पण सरांच्या काळजाला ते लागलं. शेवटी फुकट आहे म्हटल्यावर ठराव एकमताने पास झाला. काही बिघडल्यास डॉक्टरांचे मिस्टर जबाबदार, हे कलम चेअरमननी आपल्या हाताने घातलं.

आता लेप करायचा. निबंधातल्या कृतीने एक चहाचा चमचा लेप होई आणि त्याला सगळी दुपार जाई. सरांनी हिशेब मांडला तेव्हा गच्ची पुरी होईतो त्यांची निवृत्तीही मागे पडत होती. तेव्हा त्यांनी मेहुण्याला गाठलं. डॉक्टरीणबाईंचा हा धाकटा भाऊ रंगांचा व्यापारी. शिक्षण बेताचं, आवाज मोठा, आणि गोदामात रंग ढवळायचं भलंमोठं यंत्र.

"भाऊजी, तुम्ही फक्त काय काय घालायचं ते सांगा," मेहुणा म्हणाला. "ढवळायला आपण बसलोय."

पहिल्या पिंपाची जेली झाली. अशी घट्ट, की यंत्राचा दांडा तिच्यात उभाच्या उभा राहिला आणि मेहुणा त्याला लोंबकळला तरी हलेना. सर पिंपाकडे बघत राहिले. त्या लांबच्या देशातल्या बाई त्यांना आठवल्या. मग प्रयोगशाळेतली आपली जागा आठवली. ते दर वेळी बाटली खिडकीत ठेवून जेवायला जात, आणि खिडकीत ऊन येई. निबंधात सगळं लिहिलं होतं, कुठल्या कंपनीचा चमचा तेसुद्धा. ऊन तेवढं लिहायचं राहून गेलं होतं.

पुढची पिंपं उन्हात ठेवली आणि लेप जमला. दुधाच्या सायीसारखा. सरांनी त्या बाईंना पत्र टाकलं की चूक तुमची नव्हती, ऊन द्या. इतका प्रामाणिक मजकूर त्यांनी बऱ्याच वर्षांत लिहिला नव्हता.

पिंपं लिफ्टने वर न्यायची ठरली. त्यातलं एक जरासं पाझरलं. लेप दिसत नाही, हा त्याचा आणखी एक गुण निबंधात ठळक अक्षरांत दिलेला होता. तळमजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये उभ्या शिरल्या आणि दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या निघाल्या. पिशवी त्यांच्या आधी बाहेर आली. काकूंना काही लागलं नाही, पण त्यांनी भाच्याच्या अंड्यांचा विषय पुन्हा काढला.

रविवारी गच्चीवर लेप चढला. सर उन्हाची टोपी घालून स्वतः रोलर फिरवत होते, मेहुणा सूचना करत होता. काम शास्त्रशुद्ध झालं: लांबच्या कोपऱ्यातल्या टाकीपासून सुरुवात करून, मागे मागे सरकत, शेवट जिन्याच्या दाराशी. दारात उभं राहून दोघांनी घाम पुसला. मग मेहुणा म्हणाला, "भाऊजी, आपल्या चपला टाकीपाशी राहिल्या." त्या वेळी त्यांना ही बाब किरकोळ वाटली.

संध्याकाळी सगळ्या इमारतीसमोर चाचणी झाली. सरांनी दारातून बादलीभर पाणी फेकलं. पाणी पडलं, दचकल्यासारखं गोळा झालं, आणि कुणी हाक मारल्यासारखं धावत सुटलं. मागे थेंब नाही. चेअरमननी वाकून बोट टेकवलं, बोट कोरडं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चार दिवसांत छतावरचा उंट वाळून नुसता पिवळा पडला. ड्रॉइंगमास्तर आपल्या पाहुण्यांना सरांची ओळख 'आमचे शास्त्रज्ञ' अशी करून देऊ लागले. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात दोन रोग्यांना, तोंड उघडं असताना, ही हकीकत सांगितली. सरांनी दोन दिवस आकडा पाहिला नाही. इतकं सुख म्हणजे नजर लागण्यासारखंच होतं.

बादलीतलं पाणी धावून गेलं कुठे, हे मात्र टाळ्यांच्या नादात कुणी पाहिलं नाही. काचेच्या तुकड्यावरून थेंब निघून गेला की तो सरांचा विषय राहत नसे. गच्चीचं तसं नव्हतं. बांधताना गवंड्याने तिचा उतार चुकून जिन्याच्या दाराकडे दिला होता. इतकी वर्षं पाणी रेंगाळत, मुरत, विचार करत बसायचं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आता त्याला रेंगाळायची सोय राहिली नव्हती.

दुसरी अडचण टाकीची. टाकीतला पाणी बंद करणारा तरंगता गोळा कधीचा मोडला होता. पंप सुरू झाला की चेअरमन रोज सकाळी वर जात आणि टाकी भरत आली की हाताने चावी बंद करत. कधी पेपरात डोकं असलं की टाकी सांडे, ती गोष्ट वेगळी. लेप लागल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते दार उघडून निघाले. पहिलं पाऊल त्यांनी टाकलं. दुसरं आपलं आपण पडलं. पुढचा प्रवास त्यांनी न ठरवता केला आणि कपडे वाळत घालायच्या खांबाला मिठी मारून तो संपवला. सरांनी आणि मेहुण्याने चादरीचा दोर टाकून त्यांना परत ओढून घेतलं, तेव्हा त्यांनी फक्त जबाबदारीच्या कलमाची आठवण करून दिली.

उपाय पुष्कळ केले. बुटांना पोती बांधून पाहिली, पोती घसरली. सरांनी वाळू पसरली, तर वाळू हळूहळू सरकत येऊन दाराशी ढीग करून बसली. पायाखालची वाळू सरकते म्हणजे काय, ते सरांनी उभ्या उभ्या पाहिलं. बायकांचं गच्चीवर कपडे वाळत घालणं बंद झालं आणि त्यांनी सरांशी बोलणं बंद केलं. अखेर चेअरमननीच तोड काढली. पायपुसण्यावर मांडी घालून बसायचं आणि पोछ्याच्या दांडीने रेटत रेटत, होडी वल्हवल्यासारखं, टाकीपर्यंत जायचं. पहिले दोन दिवस त्यांना गोल गोल फिरावं लागलं, मग हात बसला. पुढे पुढे तर ते टाकीला एक फेरी जास्तीची मारून येत, असं मुलीने जिन्याच्या दारातून पाहिलं होतं. पण हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती.

इकडे विभागप्रमुख खूश. "एक पुरी गच्ची," ते म्हणाले. "सायकलीपेक्षा फारच चांगलं. समितीला घेऊन मी स्वतः येतो."

समिती म्हणजे विभागप्रमुख, कॉलेजचे कुलसचिव आणि बाहेरून आलेले तज्ज्ञ. हे तज्ज्ञ त्या शास्त्रातलं मोठं प्रस्थ. सरांच्या आकड्यातला चांगला मोठा वाटा ह्या एकट्या माणसाच्या निबंधांतून आला होता, आणि सर मनातल्या मनात त्यांना गुरुस्थानी मानत. ते सकाळी येणार म्हणून डॉक्टरीणबाईंनी दवाखाना उशिरा उघडायचं ठरवलं.

सरांचा बेत चोख होता. पाहुण्यांना दारातच उभं करायचं, तांब्याभर पाणी ओतायचं आणि खाली चहाला न्यायचं. पण तज्ज्ञ पडले तज्ज्ञ. "पृष्ठभाग जवळून पाहिल्याशिवाय मी मत देत नाही," असं म्हणून ते आपल्या गुळगुळीत तळव्यांच्या बुटांनिशी आत शिरले. भिंतीला धरून दोनचार पावलं जमली, मग भिंत संपली. त्यांना सावरायला कुलसचिव गेले आणि कुलसचिवांना सावरायला विभागप्रमुख. तिघे एकमेकांना धरून गच्चीच्या मधोमध उभे राहिले. कुणीही श्वास मोठ्याने घेत नव्हतं.

त्याच वेळी चेअरमन आपल्या पायपुसण्यावर टाकीपाशी होते. पंप चालू होता. पाहुणे दिसल्यावर, सोसायटीचा अध्यक्ष ह्या नात्याने, त्यांनी नमस्काराला दोन्ही हात जोडले. पोछा सुटला. तो शांतपणे वाहत दाराकडे गेला, आणि नमस्काराच्या झोकाने चेअरमन पायपुसण्यासकट उलट्या दिशेला, कठड्यापाशी गेले. चावी तशीच उघडी राहिली.

"सर," चेअरमन तिकडून म्हणाले, "टाकी भरत आलीय."

"बंद करा ना."

"कशाने?"

सर दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला निबंध पाण्याच्या बाजूने वाचला. टाकी सांडली. साध्या गच्चीवर पाणी पसरतं, हुंगत हुंगत पुढे येतं. इथे ते सगळं एका अंगाने निघालं आणि समितीकडे आलं.

"जरा बाजूला व्हा," चेअरमननी सुचवलं. पण त्या गच्चीला बाजूच उरली नव्हती.

पाण्याने समितीला उचललं नाही, फक्त सोबत घेतलं. आधी तज्ज्ञ, मग कुलसचिव, मग विभागप्रमुख, अशा ज्येष्ठतेच्या क्रमाने ते सरांच्या समोरून दारातून आत गेले आणि जिन्याच्या पहिल्या वळणावर, दारापासून सोबत वाहून आलेल्या वाळूच्या ढिगावर, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले. पाणी पुढे गेलं. तज्ज्ञांचा एक बूट त्याच्याबरोबर तळमजल्यापर्यंत गेला. वाटेत चेअरमनच्या घराचं दार उघडं होतं, तिथे त्यांचा गालिचा होता.

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई टॉवेल घेऊन वर धावल्या. कुणाला काही लागलेलं नव्हतं. सवयीने त्यांनी तिघांनाही तोंड उघडायला लावलं, आणि कुलसचिवांना एका दाढेची तारीख देऊन टाकली.

सर दोन पायऱ्या वर, मान खाली घालून उभे. तज्ज्ञांनी चष्मा पुसला.

"मी तुमच्या निबंधाचा उल्लेख फार वेळा केलाय," ते म्हणाले.

"हो, माहीत आहे मला. प्रत्येक उल्लेख माहीत आहे."

"वाचला एकदाही नव्हता. वाचला असता तर बूट बदलून आलो असतो."

सरांना रागही आला नाही. तोंडावर पाणी मारल्यासारखं नुसतं लख्ख वाटलं. कुलसचिवांनी खिशातून ओला फॉर्म काढला, पायरीवर पसरला आणि त्या नव्या रकान्यात लिहिलं: 'परिणाम आहे. उपयोग आढळला नाही.' तिघांनी खाली सह्या केल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. बढती लांबली. गच्चीवरचा लेप काढायचा, तर तो निघेना. मेहुण्याने घासला, खरवडला, त्यावर फरशी बसवायला गवंडी आणला. तर सिमेंटच लेपाला धरेना. 'दीर्घकाळ टिकणारा' हे शब्द तेवढे खरे ठरत होते. अखेर गच्चीभर रबरी चटया अंथरल्या, दाराशी उंच उंबरठा बांधला, टाकीला नवा गोळा बसवला आणि चेअरमनना नवा गालिचा आणला. उंट परत आला नाही, हे मात्र कुणी बोलून दाखवत नव्हतं. सरांनी सकाळी फोन बघायचं सोडलं होतं. ते उठून गुमान दात घासत, आणि त्याचीच डॉक्टरीणबाईंना काळजी वाटे.

अशात एका दुपारी मेहुणा दारात आला. "भाऊजी, एक गिऱ्हाईक आणलंय. तुमच्या गच्चीची हकीकत ऐकून आलाय. त्याला घसरायचंय."

गिऱ्हाईक म्हणजे एक ठेंगणे, हसरे गृहस्थ. गावाबाहेर त्यांचं पाण्यातल्या खेळांचं उद्यान होतं, पोहायचे तलाव आणि उंच उंच घसरगुंड्या. गच्चीवर येताच त्यांनी एका बाजूच्या चटया गुंडाळायला लावल्या, बूट काढून कोपऱ्यात ठेवले, बुडाखाली तांब्याभर पाणी ओतलं आणि उंबरठ्यापर्यंत घसरत गेले. परत आले. पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला आडवे होऊन गेले. मग खांबाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "निळ्या रंगात मिळेल का?"

सरांचा अपमान झाला. त्यांनी त्या गृहस्थांना जहाजांविषयी सांगितलं, विमानांविषयी सांगितलं, शस्त्रक्रियेच्या उपकरणांवर तर बराच वेळ सांगितलं. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते होईल हो सर," ते म्हणाले. "पण आमच्या मोठ्या घसरगुंडीला मधे एक वळण आहे. तिथे माणसं अडकतात. मागून दुसरी येतात. रोजची भांडणं आहेत. तुम्ही एकदा येऊन बघा तरी."

सर नाही म्हणणार होते. पण डॉक्टरीणबाई जिन्याच्या दारातून म्हणाल्या, "कुणीतरी पहिल्यांदाच तुमचा लेप मागायला आलंय. पाणी तरी विचारा त्यांना."

दोन महिने सर, मेहुणा आणि उन्हात ठेवलेली पिंपं ह्यांचा मुक्काम त्या उद्यानात होता. तेल पोटात गेलं तरी अपाय होऊ नये म्हणून सरांनी तेल बदललं, ते बदललं म्हणून कण बदलले, आणि वळणावरचा वेग जमेपर्यंत मेहुण्याला इतक्या वेळा खाली सोडलं की त्याची विजार नावापुरती उरली. काचेच्या तुकड्यावर जे कधी दिसलं नव्हतं ते सरांना त्या वळणावर दिसलं, आणि ते घरी येऊन जेवताना सांगत बसत. मुलगी ऐके. डॉक्टरीणबाई भात वाढता वाढता दोनतीन प्रश्नही विचारत.

उद्यानाच्या मालकांनी कॉलेजच्या नावे प्रमाणपत्र दिलं. विभागप्रमुखांनी ते मोठ्याने वाचलं: "ह्यांचा लेप आम्ही वापरला. आता माणसं अडकत नाहीत." मग चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," सर म्हणाले.

विभागप्रमुखांनी विचार केला आणि रकाना भरला. कुलसचिवांनी, त्यांची दाढ आता भरून झाली होती, सही केली. पुढच्या बैठकीत बढती झाली.

नवी घसरगुंडी उघडली त्या दिवशी सगळं कुटुंब गेलं. मेहुणाही आला, स्वतःची विजार जपून. सर खाली, तलावाच्या काठाशी, पूर्ण कपड्यांत उभे राहून नुसते बघत होते. वरून मुलं येत होती, आजोबा येत होते, एक लग्न झालेलं जोडपं भांडत भांडत येत होतं. वळणावर कुणी थांबत नव्हतं. हा लेप कुणाचा, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

"बाबा, तुम्ही अजून एकदाही गेला नाहीत?" मुलीने विचारलं.

"मी वेग मोजलाय ना."

मुलीने त्यांचा हात धरला, पोहायचे कपडे भाड्याने घेऊन त्यांच्या हातात कोंबले आणि जिन्याने वर नेलं. वर रांग होती. सरांची पाळी आली तेव्हा ते काठावर बसले आणि उताराचं निरीक्षण करू लागले. कोन त्यांना ठाऊक होता, पण तो वरून एवढा दिसेल असं वाटलं नव्हतं. मागे मुलं खोळंबली. एका मुलाने बराच धीर धरून विचारलं, "काका, जाताय, की नुसतं बघताय?"

सरांनी हात सोडले.

खाली डॉक्टरीणबाईंना आधी आवाज ऐकू आला. तो वळणावर जरा चढला, तिथून पुढे सगळ्या उतारभर एकाच पट्टीत आला, आणि पाण्यात बुडाला. सर वर आले ते केस कपाळावर चिकटलेले, नाकातोंडात पाणी, श्वास लागलेला. त्यांनी आजूबाजूला कुणी ओळखीचं बघत नाही ना, ते पाहिलं.

"ओरडत होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नव्हतो," सर म्हणाले. "लेप कसा वाटला?"

"मला काय विचारता? तुम्ही बसला होतात."

सर काठावर चढले, निथळत निथळत मुलांच्या रांगेशी गेले, आणि सगळ्यांच्या मागे उभे राहिले.